ठकू मोठी होते तेव्हा: एका बालकलाकाराच्या मधल्या वर्षांचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणाबद्दल

मी कलाकारांचे करार आणि तारखा पाहण्याचं काम करते. खाली ज्या मुलीबद्दल लिहिलंय तिचं, तिच्या घरच्यांचं आणि त्यांचा ज्यांच्याशी संबंध आला त्या संस्थांचं नाव बदललंय किंवा गाळलंय. वर्षंही थोडी मागेपुढे केली आहेत. मुलीला रेवा म्हणू आणि मालिकेतल्या तिच्या पात्राला ठकू. हे लिखाण रेवाने आणि तिच्या आईने वाचलंय. दोन ठिकाणी आईचं मत माझ्यापेक्षा वेगळं आहे, ते तसंच ठेवलंय.

बालकलाकार मोठेपणी का टिकत नाहीत, हा विषय निघाला की लोक चेहऱ्यावर येतात. लहानपणी गोड दिसायची, आता तशी राहिली नाही, वगैरे. रेवाबद्दलही हेच ऐकू यायचं. तिचे कागद हातात आल्यावर मला दुसरीच गोष्ट दिसली. दहा-अकरा वर्षं काम केलेल्या या मुलीने आपल्या कामाबद्दलचा एकही निर्णय स्वतः घेतलेला नव्हता, आणि तशी वेळ आलीये हे घरात कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

पार्श्वभूमी

कुटुंब डोंबिवलीचं. वडील खासगी कंपनीत हिशेबनीस, आई शाळेत शिक्षिका. पाचव्या वर्षी बिस्किटांची जाहिरात झाली, तीही शेजारच्या ताईंनी फोटो पाठवले म्हणून. सातव्या वर्षी मराठी वाहिनीवरच्या रोजच्या मालिकेत नायिकेची मुलगी म्हणून निवड झाली. मालिका तीन वर्षं चालली. ठकूचं एक वाक्य होतं, ते त्या काळात रिक्षावाल्यांपासून नगरसेवकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होतं.

चित्रीकरण ठाण्यात घोडबंदर रोडला. डोंबिवलीहून रोजची ये-जा जमेना, तेव्हा आईने नोकरी सोडली आणि घर घोडबंदरला भाड्याने हलवलं. हा निर्णय त्या वेळी अगदी साधा वाटला. पुढचं बरंच काही त्याच्यावरच बेतलेलं आहे. त्या दिवसापासून घराचं भाडं, धाकट्या भावाची शाळा आणि आईचा दिवस हे तिन्ही मुलीच्या तारखांवर चालू लागलं. आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. अभिनेत्री नंदाचे वडील मास्टर विनायक १९४७ मध्ये गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी ‘मंदिर’ चित्रपटात ती बेबी नंदा म्हणून दिसली.

अकराव्या वर्षी एक चित्रपट मिळाला, त्यातल्या कामाला बक्षीस मिळालं. तोवर कायद्याची चौकट थोडी आवळली होती. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. त्यांनुसार चौदा वर्षांखालच्या कलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त कामावर बोलावता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मानधनाचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. चित्रपटाच्या निर्मात्यांनी ही ठेव काढली. मालिकेचा बहुतेक काळ या नियमांच्या आधीचा, त्यामुळे तिथे तसं काही झालं नाही.

बाराव्या वर्षानंतर कामं कमी झाली आणि कार्यक्रम वाढले. दहीहंडी, नवरात्र, सोसायट्यांची उद्घाटनं, महिला मंडळांची मंगळागौर. प्रत्येक ठिकाणी तिला ठकूचं ते वाक्य म्हणायला लावायचे, तेही ठकूच्या आवाजात. तेरा वर्षांची मुलगी गळा दाबून सात वर्षांच्या मुलीसारखी बोलायची आणि समोर टाळ्या पडायच्या. मग लॉकडाऊन लागला. बाहेर आली तेव्हा ती आईपेक्षा उंच झाली होती.

अडचण

कास्टिंगच्या बाजूने पाहिलं तर अडचण सरळ होती. मराठी मालिकांमध्ये चौदा ते सतरा वयाच्या मुलींसाठी भूमिका फारच कमी लिहिल्या जातात. नायिकेची मुलगी एक तर आठ वर्षांची असते, नाहीतर कथानक उडी घेतं आणि ती थेट लग्नाची होते. कॉलेजात जाणारी मुलगी दाखवायची असली, तरी वीस-बावीस वर्षांची अभिनेत्री घेणं निर्मात्याला सोयीचं पडतं. तिला बारा तासांच्या शिफ्टला बोलवता येतं, शाळा नाही, सोबत पालक नाही. त्यामुळे मुंबईत वर्सोव्याजवळच्या आराम नगरमधल्या ऑडिशनना रेवाला ‘नॉट फिट’ हे उत्तर दोन्ही बाजूंनी मिळत होतं: लहान भूमिकेला मोठी, मोठीला लहान.

दुसरी अडचण मला तिच्या एका ऑडिशनला बाहेर बसले असताना दिसली. प्रसंग असा होता की मुलगी वडिलांना सांगते, मी नापास झाले. पहिल्याच टेकला रेवाच्या डोळ्यांत बरोबर वाक्याच्या शेवटी पाणी आलं, ग्लिसरीन न लावता. कास्टिंगची मुलगी खूश झाली. म्हणाली, “मस्त. आता रडू नकोस, चिडून कर.” रेवाने पुन्हा केलं, पुन्हा रडली. तिसऱ्यांदा तिने विचारलं, “कसं करू?” उत्तर आलं, “तुला काय वाटतं, ती कशी बोलेल?” रेवाने काचेच्या दाराबाहेर आईकडे पाहिलं.

यात तिचा दोष नाही. मालिकेच्या सेटवर लहान मुलाला भूमिका समजावून सांगायला वेळ कोणाकडेच नसतो. कॅमेऱ्यामागे एक सहायक उभा राहतो: बाळा, इकडे बघ, आता आईकडे, आता हस, आता एकदम गप्प. मूल हे पटकन उचलतं आणि जितकं पटकन उचलेल तितकं ‘गुणी’ ठरतं. मान किंचित कलती ठेवायची, भुवया वर न्यायच्या, वाक्याचं शेवटचं अक्षर लांबवायचं. प्रेक्षकांना जी ठकू आवडली ती यातूनच तयार झाली. मोठ्या भूमिकेत हेच आड येतं, कारण तिथे दिग्दर्शक वाट पाहत असतो की नटीच काहीतरी घेऊन येईल. ज्या मुलीने सांगितलेलं उत्तम करण्याबद्दल आयुष्यभर शाबासकी मिळवली, ती न सांगता काही करायला घाबरते.

अंगकाठीतही मालिका उरली होती. नायिका बुटकी होती आणि शेवटच्या वर्षात रेवा भराभर वाढत होती, म्हणून दोघींच्या फ्रेममध्ये तिला गुडघे थोडे वाकवून उभं राहायला सांगत. तो पोक पुढे गेला नाही. सोळाव्या वर्षी लूक टेस्टला, म्हणजे पात्राच्या वेशात कॅमेऱ्यासमोर उभं करून पाहतात तेव्हा, ती उभी राहिली तर कॅमेरामन म्हणाले, “हिला बरं नाही का?”

तिसरी अडचण समाजमाध्यमांवरची. इन्स्टाग्रामचं खातं ठकूच्या नावाने होतं आणि आई चालवत होती. मुलगी मोठी दिसू लागली तशा खालच्या प्रतिक्रिया बदलल्या. त्या काय होत्या ते इथे लिहायची गरज नाही. आई रोज रात्री बसून त्या पुसायची, मुलीच्या नजरेला पडू नयेत म्हणून. रेवाने त्या सगळ्या दुसऱ्या खात्यावरून वाचलेल्या होत्या. दोघींनी एकमेकींना वर्षभर काहीच सांगितलं नाही.

समोर आलेले पर्याय

रेवा सोळा वर्षांची असताना जुन्याच निर्मितीसंस्थेकडून विचारणा आली. त्यांच्या एका चालू मालिकेत कथानक उडी घेणार होतं, आणि मोठ्या झालेल्या मुलीची मुख्य भूमिका तिला देऊ केली होती. पात्राचं वय एकोणीस, पहिल्या महिन्यातच लग्न. महिन्याला पंचवीस दिवस चित्रीकरण, बारा तासांची शिफ्ट. पर डे, म्हणजे दिवसाचं मानधन, चांगला होता. चेक मात्र नेहमीप्रमाणे नव्वद दिवसांनी. आई करार वाचायला माझ्याकडे आली ती याच वेळी.

पुढे सतराव्या वर्षी एका चित्रपटाची नायिका म्हणून बोलावणं आलं. २०१६ मध्ये ‘सैराट’ आल्यापासून गावाकडची कोवळी प्रेमकथा हा आपल्याकडे एक ठरलेला साचा झालाय, त्यातलाच हा. वाईच्या परिसरात चाळीस दिवस चित्रीकरण, नवा नायक, मोठी जाहिरात. कथेत जवळिकीचे दोन प्रसंग आणि एक पावसातलं गाणं.

तिसरा पर्याय म्हणजे काहीच न घेणं. बारावी करायची, पदवीला प्रवेश घ्यायचा, एकांकिका करायच्या, आवाजावर आणि शरीरावर काम करायचं. वडिलांना हा पटत होता. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय किंवा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा अभिनयाचा अभ्यासक्रम यांना आधी पदवी लागते, म्हणून तिथे थेट जाण्याचा प्रश्नच नव्हता.

चौथा पर्याय आईने एकदा दमून बोलून दाखवला. हे सगळं सोडून देऊ, हिला सीए करू. हे रागाचं बोलणं आहे असं मी धरून चालले होते. रेवाने ते चांगलं दोन दिवस मनावर घेतलं होतं, असं तिने मला नंतर सांगितलं.

घरात वाद व्हायचा तो जुन्या नट्यांची नावं घेऊन. आई म्हणायची, श्रीदेवी नाही का तेराव्या वर्षी नायिका झाली? खरं आहे. १९७६ च्या ‘मूंड्रु मुडिचु’ या तमिळ चित्रपटात कमल हासन आणि रजनीकांत यांच्यासोबत ती नायिका होती तेव्हा तिला तेरा पूर्ण झाली होती. बाबांचं उत्तर ठरलेलं: ऊर्मिला मातोंडकर बघ. १९८३ मध्ये बालकलाकार म्हणून ‘मासूम’, १९९१ मध्ये ‘नरसिंहा’, आणि खऱ्या अर्थाने गाजली ती १९९५ च्या ‘रंगीला’ने. दोघांचीही उदाहरणं बरोबर होती आणि दोन्हींचा उपयोग शून्य होता. जे टिकले त्यांचीच नावं आपल्या लक्षात राहतात. शिवाय तेराव्या वर्षीची नायिका १९७६ मध्ये चालली म्हणून आज ती चालवावी, असं मला तरी वाटत नाही.

पहिला निर्णय: मालिका

करार माझ्या हातात येईपर्यंत आईने फोनवर होकार दिलेला होता आणि लूक टेस्टही झाली होती. साडी, मंगळसूत्र, कपाळावर मोठं कुंकू. त्यातला एक फोटो कुठून तरी बाहेर गेला आणि चाहत्यांच्या पानांवर फिरला, ‘आपली ठकू नवरी झाली’ असं लिहून. संस्थेने हात वर केले.

मी तिघांना एकत्र बसवलं आणि रेवाला विचारलं. तिने भूमिकेबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणाली, “बारावीचा फॉर्म आहे पुढच्या महिन्यात. महिन्याला पंचवीस दिवस शूट, मग कॉलेजला कधी जाऊ?” आईने लगेच सांगितलं की सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते, कितीतरी जण देतात. रेवा म्हणाली, “मला कॉलेजला जायचंय, आई.” मालिका हवी की नको, यावर तिचं मत मागितल्यावरही तिने ते कॉलेजच्या आडून दिलं. तरी ते तिचं मत होतं, आणि माझ्या माहितीप्रमाणे तिचं पहिलं.

नकार कळवताना संस्थेने जुना करार पुढे केला. सातव्या वर्षी केलेल्या त्या करारात एक कलम होतं: मालिका संपल्यानंतरही काही वर्षं तिच्या कामावर संस्थेचा पहिला हक्क राहील. आईची त्यावर सही होती. घाबरून आई पुन्हा हो म्हणायला निघाली. आम्ही वकिलांकडे गेलो.

वकिलांनी जे सांगितलं ते बालकलाकारांच्या पालकांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, व्यक्ती करार करायला पात्र नाही, आणि १९०३ पासून न्यायालयं असा करार मुळातच शून्य मानत आली आहेत. पालकाने सही केल्याने ही अडचण सुटेलच असं नाही, आणि याचं नेमकं उदाहरण चित्रपटसृष्टीतलंच आहे. राज रानी विरुद्ध प्रेम अदीब, मुंबई उच्च न्यायालय, १९४९. वडिलांनी अज्ञान मुलीसाठी निर्मात्याशी चित्रपटात काम करण्याचा करार केला होता. निर्मात्याने भूमिका दुसरीला दिली. मुलगी न्यायालयात गेली आणि हरली, कारण अज्ञान मुलीने दिलेलं कामाचं वचन कायद्याच्या लेखी वचनच ठरत नव्हतं, त्यामुळे करारालाही आधार नव्हता. ही तलवार दोन्हीकडून कापते. रेवाच्या बाबतीत ती आमच्या बाजूने होती. वकिलांनी दोन परिच्छेदांचं उत्तर पाठवलं. संस्थेकडून पुढे त्या कलमाचा उल्लेख आला नाही.

दुसरा निर्णय: चित्रपट

इथे आईचं आणि माझं आजही पटत नाही.

रेवाला गोष्ट आवडली होती. दिग्दर्शक तरुण, बोलायला नीट. अट आमच्याकडून एकच होती: अठरा पूर्ण होण्याआधी जवळिकीचा कुठलाही प्रसंग चित्रित होणार नाही, मग तो कितीही ‘सूचक’ असला तरी. निर्माते म्हणाले, फक्त सात महिन्यांचा तर प्रश्न आहे, आईबाबा सेटवर असतीलच. याला माझं उत्तर नाही असंच होतं. सात महिने म्हणजे सात महिने. अज्ञान मुलीच्या संमतीला इथे काही अर्थ नसतो आणि पालकांच्या संमतीने तो येत नाही.

आईने मधला मार्ग सुचवला होता. बाकीचं चित्रीकरण आता करू, ते दोन प्रसंग आणि गाणं वाढदिवसानंतर. वाईचं वेळापत्रक पाऊस लागण्याआधीचं, गाणं नंतर कुठेही करता आलं असतं. निर्मात्यांनी ते तोंडी ‘बघू’ म्हणून सोडून दिलं. लेखी द्यायला तयार झाले नाहीत, आणि आम्ही बाहेर पडलो. दुसऱ्या मुलीला घेऊन चित्रपट पूर्ण झाला. तो बरा चालला आणि त्या मुलीला लोक ओळखू लागले. आई आजही म्हणते, “ताई, अजून एक बैठक घ्यायला हवी होती. वेळापत्रक त्यांनी दोन तुकड्यांत केलं असतं.” असतं कदाचित. लेखी देत नाहीत म्हटल्यावर मी तरी पुन्हा बाहेरच पडले असते. पण आईचं म्हणणं खोटं आहे असं मला सांगता येत नाही, आणि या नकाराची किंमत रेवाने मोजली हेही खरं आहे. त्या चित्रपटाची पोस्टर्स तिने रोज स्टेशनवर पाहिली.

तिसरा निर्णय: सही

अठरा पूर्ण झाली तेव्हा बँकेने खातं सज्ञान म्हणून बदलायला बोलावलं. नवे कागद, नवी सही. रेवाला सहीच नव्हती. कार्यक्रमांमध्ये ती ‘तुमची ठकू’ असं लिहून द्यायची.

त्याच आठवड्यात बाबांनी प्राप्तिकराच्या संकेतस्थळाचा पासवर्ड तिच्या हातात दिला. अज्ञान मुलाने स्वतःच्या कलागुणांवर मिळवलेलं उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही, ते मुलाचंच धरून वेगळं विवरणपत्र भरावं लागतं. बाबा हिशेबनीस, त्यांनी ते दरवर्षी चोख भरलं होतं. त्यामुळे फॉर्म २६एएस उघडला की कोणत्या वर्षी कोणी किती पैसे दिले आणि किती कर कापला, हे ओळीने समोर होतं. आपण सातव्या, आठव्या, नवव्या वर्षी किती कमावलं हे तिने अठराव्या वर्षी पाहिलं. समोर मुदत ठेवीची पावती होती. दोन आकड्यांमधला फरक बराच मोठा होता.

चोरी कोणी केली नव्हती. भाडं होतं, फी होती, रोज सेटवर जाणारी रिक्षा होती, एका मोठ्या आजारपणाचं बिल होतं. आईचा सोडलेला पगार होता, जो कुठल्याच फॉर्मवर दिसत नाही. रेवा भांडली नाही. तिने विचारलं, “मला हे कधी सांगणार होतात?” बाबा म्हणाले, “तू कधी विचारलं नाहीस.” माझ्या मते या घरातलं सगळ्यात चुकीचं वाक्य तेच होतं, आणि ते अगदी सहज, प्रेमळ आवाजात आलं.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी कागदावर आणल्या. पुढचे सगळे करार रेवाच्या सहीने, वाचून, वकिलांना दाखवून. घरखर्चात तिचा वाटा ठरावीक, आणि काम नसलेल्या महिन्यात शून्य. इन्स्टाग्रामचं खातं तिच्याकडे. तिने पहिल्याच दिवशी ठकूचं नाव काढून स्वतःचं लावलं. दोन जाहिरातदारांनी त्यामुळे हात आखडता घेतला.

राहिला आईचा प्रश्न, आणि मला वाटतं या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ त्यालाच द्यायला हवा होता. तारखा घेणं, कपडे इस्त्री करणं, हेअर दादांशी वाद घालणं, सेटवर मुलगी जेवली की नाही ते पाहणं, ही अकरा वर्षांची नोकरी एका दुपारी संपली. आई मला म्हणाली, “मग मी काय करायचं आता?” मी म्हटलं, तुम्ही तिच्या आई आहात. ती म्हणाली, “ते मी आधीपण होते.” पुढे तिने घरीच शिकवण्या सुरू केल्या. सेटवर जाणं काही महिने थांबलं नाही, फक्त ती मेकअपच्या व्हॅनमध्ये न बसता गाडीत बसून राहायची.

कॉलेजची दोन वर्षं

माटुंग्याच्या बाजूच्या एका कॉलेजमध्ये तिने कलाशाखेला प्रवेश घेतला आणि नाट्यमंडळात नाव दिलं. पहिल्या वर्षी तिला भूमिका मिळालीच नाही. मुलं म्हणाली, टीव्हीवाली आहे, रंगमंचावर आवाज पोचणार नाही. बरोबर होतं ते. कपड्याला लावायच्या लेपल माइकवर वाढलेली मुलगी, दहाव्या रांगेच्या पुढे ऐकू येत नव्हती. त्या वर्षी आयएनटी आणि लोकांकिका या दोन्ही एकांकिका स्पर्धांना तिने संगीताचं बटण दाबलं आणि लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, उचलल्या. रात्री अकरापर्यंत तालमी. तिथे ‘बाळा, इकडे बघ’ म्हणणारं कोणी नव्हतं. दिग्दर्शक तिच्याहून एका वर्षाने मोठा मुलगा, त्यालाही नेमकं काय हवं ते माहीत नसायचं, त्यामुळे सगळे मिळून शोधायचे. अभिनयाच्या शिकवण्यांवर पैसे खर्च करण्याआधी मुलांना अशा गोंधळात वर्षभर टाकावं, असं माझं मत याच प्रकरणावरून झालंय.

सोबत आवाजाचं काम सुरू होतं. तिचा बोलण्याचा सूर ठकूपाशीच अडकला होता, तो खाली यायला आठ-नऊ महिने गेले. पोक निघायला त्याहून जास्त.

दुसऱ्या वर्षी तिला पस्तिशीच्या एका पोस्टातल्या कारकून बाईची भूमिका मिळाली. चष्मा, कॉटनची साडी, हातात शिक्का. प्राथमिक फेरीत एक जागा अशी होती की बाईने वृद्ध गिऱ्हाइकावर ओरडायचं. प्रयोगात ती ओरडली नाही, शिक्का मारत राहिली आणि हळू आवाजात बोलली. कोणी सांगितलं नव्हतं. दिग्दर्शक विंगेत चिडला, मग पुढच्या फेरीसाठी तसंच ठेवलं.

काय झालं

अंतिम फेरी पाहायला आलेल्या एका कास्टिंग सहायिकेने तिला हिंदी वेबमालिकेच्या ऑडिशनला बोलावलं. तिने जुन्या मालिकेचं नाव प्रोफाइलमध्ये लिहिलं नव्हतं. सहायिकेला ते तिसऱ्या फेरीनंतर कळलं. चार भागांतली दुय्यम भूमिका मिळाली, नर्सिंगच्या विद्यार्थिनीची. त्यानंतर एका व्यावसायिक नाटकात बदली कलाकार म्हणून काही प्रयोग झाले, आणि एका मराठी चित्रपटात नायिकेच्या बहिणीचं काम. एकूण कमाई अजून तिच्या नवव्या वर्षाच्या कमाईइतकी नाही. लोकलमध्ये बायका अजून ठकू म्हणूनच हाक मारतात. ती वळून हसते, वाक्य म्हणत नाही.

याला यश म्हणावं का, यावर घरात एकमत नाही. नायिका होणं हीच कसोटी असेल तर तिचं स्थित्यंतर झालेलं नाही. माझी कसोटी वेगळी आहे. मला आता तिच्याकडून फोन येतो तेव्हा ती पटकथेतल्या पात्राबद्दल विचारते, आणि कधी कधी नाही म्हणून मोकळी होते.

वेगळं काय करता आलं असतं

तेरा ते पंधरा या वर्षांत तिला कार्यक्रमांतून काढायला हवं होतं. त्या पैशांची घराला गरज होती हे मान्य, पण ठकूचा आवाज तिच्या गळ्यात तीन वर्षं जास्त राहिला तो त्या मंडपांमुळे. त्याऐवजी बालनाट्य, साधं शाळेचं स्नेहसंमेलन, काहीही चाललं असतं, जिथे ती दुसरी कोणी झाली असती.

लूक टेस्ट ही निर्णयानंतरची पायरी आहे, आधीची नाही. ‘नुसतं बघू तर कशी दिसते’ म्हणून मुलीला नवरीच्या वेशात उभं केलं की फोटो तयार होतो, आणि फोटोवर नंतर कोणाचाच ताबा राहत नाही.

पैशांबाबत कायद्याने सांगितलेले वीस टक्के हा तळ आहे. पालकांनी तो कमाल समजू नये. दहाव्या-अकराव्या वर्षापासून मुलाला वर्षातून एकदा हिशेब दाखवावा, त्याच्या वयाला समजेल इतका. रेवाला तो दिसला असता, तर अठराव्या वर्षाचा तो प्रसंग झालाच नसता. आणि प्रतिक्रिया पुसत बसण्यापेक्षा आईने त्या मुलीसोबत वाचायला हव्या होत्या, एखाद्या समुपदेशकाला मध्ये घेऊन. आईला हे पटत नाही. ती म्हणते, कुठल्या आईने ते मुलीला वाचून दाखवावं? वाचून दाखवायचं नव्हतं, मुलीने आधीच वाचलंय हे ओळखायचं होतं.

सध्या पुढचा निर्णय समोर आहे. पदवी झाली की रेवाला राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अर्ज भरायचाय. एकांकिका आणि नाटकांचा अनुभव आता तिच्याकडे आहे. आईचं म्हणणं, तीन वर्षं दिल्लीला म्हणजे पुन्हा एकदा पडद्यावरून गायब, आत्ता कुठे लोक नव्याने ओळखायला लागलेत. यात तथ्य आहे, आणि या वेळी बाबाही आईच्या बाजूने आहेत. मुदत ठेव पुढच्या वर्षी मोडता येईल आणि दिल्लीचा खर्च त्यातून निघेल, हे रेवाने स्वतः हिशेब करून दाखवलंय. मी तिला अर्ज भरायला सांगितलंय. निवड झालीच, तर हातातल्या चित्रपटाच्या उरलेल्या तारखा कशा बसवायच्या, हे तेव्हा पाहू.